एकटीने जाण्याचा ठराव

"एकटी म्हणजे? कोणाबरोबर एकटी?"

नानासाहेब फिरक्यांनी हे इतक्या सरळ चेहऱ्यानं विचारलं की कार्यकारिणीतलं कुणीच हसलं नाही. मला हसू येत होतं, पण मी शाळेचा लेखनिक होतो आणि लेखनिकानं सभेत हसू नये असा संकेत आहे. मी इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं : 'अध्यक्षांनी अधिक खुलासा विचारला.'

खुलासा करायला समोर आयला बसली होती. आयला कोस्केला. फिनलंडात हे चांगल्या घरातल्या मुलीचं नाव आहे. आमच्या पिंपळदऱ्यात ते सायकलची साखळी निघाली की घेतात. म्हणून आमच्या मूकबधिर विद्यालयाचे मुख्याध्यापक वाणी सर यांनी ती आली त्याच दिवशी तिचं नाव अहल्या ठेवलं होतं. तिनं तक्रार केली नाही. ती कशाचीच तक्रार करत नसे. वहीत लिहून ठेवी.

हे त्र्याऐंशी सालच्या डिसेंबरातलं. हेलसिंकीच्या एका संस्थेनं तिला आमच्या मुलींना बोलायला शिकवण्यासाठी वर्षभर फुकट दिलं होतं. तिचं वय होतं पंचवीस, उंची होती वाणी सरांपेक्षा एक वीत जास्त, आणि मराठी ती आमच्याच वर्गात, मुलींबरोबर शिकली होती. त्यामुळे ती प्रत्येक अक्षर ओठ पूर्ण उघडून, पूर्ण मिटून उच्चारायची. गावातली माणसं तिला मोठ्यानं ओरडून उत्तर द्यायची. दोघांचाही समज असा होता की समोरच्याला कमी ऐकू येतं.

"एक-टी," ती म्हणाली. "को-णी ना-ही. मी, आणि माझी पि-शवी."

"कुठं कुठं जाणार?"

"काशी. कलकत्ता. पुरी. मद्रास. कन्याकुमारी. पाच आठवडे. मग घरी."

नानासाहेबांनी डोळे मिटले. त्यांचा जिनिंगचा कारखाना होता, शाळेची जागा त्यांची होती, आणि मनानं माणूस अगदी चांगला. चांगल्या माणसाला अडवणं सोपं नसतं, आणि त्यानं अडवलं तर सुटणं त्याहून अवघड.

"पोरी, तुझ्या बापाला मी पत्र लिहिलंय. तुमची मुलगी ती माझी मुलगी, असं. माझी मुलगी एकटी कन्याकुमारीला जाईल का?"

पत्र इंग्रजीत मीच लिहिलं होतं, त्यामुळे ते वाक्य त्यात होतं याची मला खात्री होती.

अडचण अशी की हेलसिंकीच्या संस्थेचा एक नियम होता. स्वयंसेवकाला वर्ष संपल्यावर फिरायचं तर यजमान संस्थेचं संमतिपत्र पाहिजे. ते पंधरा जानेवारीच्या आत टपालात पडलं नाही, तर तिनं मुंबईला जाऊन सरळ विमानात बसायचं. म्हणजे तिचा सगळा हिंदुस्थान त्या वेळी नानासाहेबांच्या फाउंटन पेनात होता.

तासभर चर्चा होऊन ठराव झाला. मी तो वाचून दाखवला : 'अहल्याबाई यांना एकटीने प्रवास करण्यास ही सभा परवानगी देत आहे, मात्र त्यांच्यासोबत योग्य सोबत असावी.'

आयलानं तो वहीत उतरवून घेतला. बाहेर पडल्यावर मला विचारलं, "धामणेभाऊ, हे क-सं?"

"इथं असंच करतात," मी म्हणालो.

*

दुसऱ्या दिवशी बातमी गावभर झाली आणि पत्ते यायला लागले.

आमच्याकडे माणूस परगावी निघाला की त्याला पत्ता देतात. पाकीट मारलं जाईल, पत्ता कोणी मारत नाही. इटारसीला वाणी सरांचे साडू रेल्वेत होते. काशीला खजिनदार सुकलाल भोळ्यांच्या घराण्याचे पंडे. कलकत्त्याला कुणाच्या तरी चुलतभावाचा घरमालक. मद्रासला पोस्टमास्तरांचा भाचा पलटणीत, तो दोन वर्षांपूर्वी बदलून गेला होता, पण 'नाव सांगितलं की करतील सोय.' आयलानं सगळे पत्ते वहीत लिहिले आणि नकाशावर ठिपके दिले. मला नकाशा दाखवून म्हणाली, "बघा. जिथं पिंपळदऱ्याचं कोणी नाही, असं एकच गाव आहे."

"कोणतं?"

"समु-द्र."

पत्त्यांपाठोपाठ वस्तू आल्या. 'जातेच आहेस तर' या नावाखाली. काशीच्या पंड्यांना बिबड्या म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, इटारसीच्या साडूंना लोणचं, कलकत्त्याच्या घरमालकाच्या सुनेला बारशाचं झबलं. एकट्या मुलीला ओझं नको म्हणून प्रत्येकानं थोडंथोडंच दिलं. थोडंथोडं मिळून एक लोखंडी ट्रंक झाली. ती दोघांना उचलावी लागे, तेव्हा सोबतीची गरज आपोआपच सिद्ध झाली, असं भोळे म्हणाले.

शेवंतामावशींनी मात्र काहीच दिलं नाही. ना पत्ता, ना पापड.

मावशी म्हणजे मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका. पन्नाशीला टेकलेल्या, बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. लिहिता-वाचता येत नसे, पण साठ मुक्या मुलींपैकी कुठलीच्या पोटात दुखतंय हे त्या पायऱ्या चढण्याच्या आवाजावरून सांगत. भुसावळात दहा-बारा वर्षं घरकामं करून त्या आमच्याकडे आल्या, तेव्हापासून त्यांचे यजमान सुरतेला गिरणीत होते. एकोणीस वर्षं ते सुरतेलाच होते.

मावशींनी आयलाला फक्त एवढं विचारलं, "डब्यात कुठं बसशील?"

"खिडकीजवळ."

"दाराजवळ बस. उतरायला बरं."

आणि त्या तांदूळ निवडायला गेल्या. आयलानं हेही लिहून ठेवलं.

*

मग नानासाहेबांना सराव सुचला.

"आधी जळगावला जाऊन येऊ दे," ते म्हणाले. "एसटीनं. अगदी एकटी. निभावलं तर सही करतो, नाही तर नाही."

हे न्याय्य होतं. आयलानं मान्य केलं. ती गेल्यावर नानासाहेब मला म्हणाले, "धामणे, तुम्ही मागच्या बाकावर बसा. पण तिला कळता कामा नये."

सोमवारी सकाळी मी नाकापर्यंत मफलर गुंडाळून शेवटच्या बाकावर बसलो. आयला पुढे, दाराजवळच्या बाकावर बसली होती. गाडी सुटली आणि माझं लक्ष तिसऱ्या बाकाकडे गेलं. तिथं एक शेतकरी डोक्याला टॉवेल बांधून बसला होता. शेतकऱ्याच्या पायात पॉलिश केलेले बूट होते. ते वाणी सर होते. त्यांनी मागे वळून मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं, आणि दोघांनीही ओळख दाखवली नाही. पलीकडच्या बाकावर कोणी तरी घोंगडीत झोपलं होतं. घोंगडीतून भरताचा वास येत होता. डब्यात घरचं भरीत आणि कळण्याची भाकरी घेतल्याशिवाय घर न सोडणारा आमच्या गावात एकच माणूस होता, त्यामुळे खजिनदारांना ओळखायला तोंड बघावं लागलं नाही.

एसटीच्या मागे, धूळ खात, एक जीप येत होती. ती कोणाची हे विचारायचं कारण नव्हतं. गावात जीप एकच होती.

जळगावला आयला उतरली, स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर गेली आणि म्हणाली, "स-हा चहा."

टपरीवाला ओरडला, "सहा? बाई, तुम्ही तर एकट्याच!"

"ते सग-ळे म्हणतात," आयला म्हणाली.

तिनं एक ग्लास शेतकऱ्याला दिला. एक घोंगडीला. मला देताना म्हणाली, "मफलर काढा भाऊ, चहा कसा पिणार?" मग रस्ता ओलांडून तिनं दोन ग्लास जीपच्या खिडकीतून आत दिले, एक ड्रायव्हरला आणि एक नानासाहेबांना.

"मी बाजाराला आलो होतो," नानासाहेब म्हणाले.

"हो," आयला म्हणाली. "चहा गो-ड आहे ना?"

परतताना सगळे जीपमध्येच बसलो. भोळ्यांनी भरीत वाढलं. फारच चांगलं झालं होतं. आयलानं दोनदा घेतलं. मग मला विचारलं, "भाऊ, इथं मी अकरा महिने आहे. मी कोण, हे मला एकदासुद्धा कोणी विचारलं नाही. सगळ्यांना आधीच सांगितलेलं असतं. फिरक्यांची पाहुणी. मला बघायचंय, कोणी ओळख करून दिली नाही, तर मी कोण आहे. फार आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग तुम्ही सभेत का बोलत नाही?"

"मी लेखनिक आहे."

तिनं मान डोलावली. वहीत मात्र काही लिहिलं नाही. ते मला जास्त लागलं.

सरावाचा अहवाल नानासाहेबांनी सांगितला तसा मी लिहिला. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे : 'प्रवासात बाईंनी स्वतःहून पाच पुरुषांना चहा पाजल्याचे आढळून आले.'

*

बारा जानेवारीला पुन्हा सभा भरली. अहवाल वाचल्यावर सभासदांनी गंभीर चेहरे केले. ज्यांनी चहा घेतला होता त्यांचे सगळ्यांत गंभीर होते.

"चहा कोणालाही पाजते," भोळे म्हणाले. "म्हणजे स्वभावानं भोळी आहे."

"भोळे तर तुम्ही आहात," वाणी सर म्हणाले.

"आडनावावर जाऊ नका सर. मी काळजीनं बोलतोय."

आयला कोपऱ्यात, हात मांडीवर ठेवून बसली होती. नानासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण ते एकदम खुलून म्हणाले, "थांबा. सापडला मार्ग. सोबत योग्य पाहिजे, एवढंच ना? आपल्या शेवंताबाईंना पाठवू. सगळा खर्च माझा. बाईंची काशी होईल, पोरीचा प्रवास होईल. वयस्क, लग्नाची बाई बरोबर असली म्हणजे कोण वाकड्या नजरेनं बघतो?"

सभेनं सुटकेचा निःश्वास टाकला. आयलानं डोळे मिटले. मी 'सर्वानुमते' हा शब्द लिहायला घेतला आणि मावशींना बोलावणं गेलं.

मावशी दारातच उभ्या राहिल्या. ओले हात पदराला पुसत त्यांनी सगळं ऐकलं.

"मी नाही जात जी," त्या म्हणाल्या.

"का? यजमानांना कळवायचं तर धामणे पत्र टाकतील सुरतेला."

"तिला एकटीला जाऊ द्या."

"शेवंताबाई, तुम्हाला प्रवासातलं काय माहीत? डब्यात हजार माणसं. पहिला प्रश्न विचारतात, नवरा कुठंय? ही पोर काय सांगणार?"

"सांगावं, पुढल्या डब्यात बसलेत."

सगळे हसले. वाणी सरांनी टेबलावर थाप मारली. "वा मावशी! हे कुठून सुचलं?"

"सुचलं नाही. मी चार दिवस तेच सांगत होती."

हसणं एकेक करून थांबलं. शेवटी भोळेच हसत राहिले, मग तेही थांबले.

मावशींनी जे सांगितलं ते फार थोडं होतं, आणि त्यांनी ते पीठ संपलंय हे सांगावं तशा आवाजात सांगितलं. माहेर गोंदियाच्या पलीकडं. अठराव्या वर्षी बापानं लग्न ठरवलं. नवरा बापाच्या वयाचा. हळदीच्या आदल्या सकाळी त्या पाणी आणायला निघाल्या आणि घागर विहिरीवर ठेवून चालत राहिल्या. गोंदियाला स्टेशनाबाहेर काळ्या मण्यांची पोत विकत घेतली आणि पाठ फिरवून गळ्यात घातली.

"आपल्या हातानं?" कोणी तरी विचारलं.

"दुसरं होतं कोण?"

"मग?"

"मग गाडीत बसली. जी गाडी येईल तिच्यात. नागपूर, इटारसी, कुठं कुठं. कोणी विचारलं का सांगायचं, पुढल्या डब्यात आहेत, येतात आता. भुसावळला उतरली. ते काही उतरले नाहीत."

"ते म्हणजे?" नानासाहेबांना अजून अर्थ लागत नव्हता. "आणि सुरतेचे?"

"सुरतेला कोणी नाही जी."

टेबलावरचा पंखा बंद होता, जानेवारी होता. तरी मला कागद फडफडल्याचा भास झाला. आमच्या संस्थेच्या घटनेत, मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका विवाहित अथवा विधवा असावी, असं एक कलम होतं. दरवर्षी जूनमध्ये अनुदानाच्या फॉर्मवर अधीक्षिकेच्या पतीचं पूर्ण नाव लिहावं लागे. फॉर्म मी भरत असे.

नानासाहेब माझ्याकडे वळले. "धामणे, फॉर्मवर नाव असतं ना? काय असतं?"

"गणपत बोरकर."

"ते यांनी सांगितलं?"

"नाही. मी विचारलं, तेव्हा यांनी मान खाली घातली. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी पुन्हा विचारलं नाही."

"मग गणपत कुठून आला?"

"मी लिहिलं."

"गणपतच का?"

"त्या दिवशी चतुर्थी होती."

हे मी विनोद म्हणून सांगितलं नव्हतं. खरंच चतुर्थी होती. पहिल्या वर्षी लिहिलं, मग दरवर्षी मागचा फॉर्म बघून उतरवत गेलो. अठरा वर्षांत त्या गणपतला मी गिरणीत जॉबरसुद्धा केलं होतं, कारण 'पतीचा हुद्दा' असा एक रकाना नंतर वाढला.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना ते नाव त्या दिवशी प्रथमच कळलं.

आमच्यातल्या प्रत्येकानं केव्हा ना केव्हा आपल्या बायकोला मावशींचं उदाहरण दिलं होतं. नवरा लांब, पण बाई कशी राहते बघ.

नानासाहेबांनी चष्मा काढला. "शेवंताबाई, खरं सांगा. त्या चार दिवसांत कोणी त्रास दिला?"

"दिला. दोघांनी."

"मग?"

"एकदा ओरडली. एकदा डबा बदलला." त्या थांबल्या. "अन् भाकर तेरा जणांनी दिली. ते पण लिहा."

नानासाहेबांनी कागद पुढे ओढला आणि सही केली. एवढंच. भाषण केलं नाही. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले, आणि मग पत्र आयलाच्या हातात न देता मावशींच्या हातात दिलं. मावशींनी ते आयलाला दिलं. आयलानं ते घेतलं, पण तिचं लक्ष पत्राकडे नव्हतं.

"मा-वशी," ती म्हणाली, "तुम्ही का सांगितलं? आता तुमचं?"

"माझं राहू दे. गाडी केव्हाची?"

मी 'सर्वानुमते' खोडलं. त्याखाली लिहिलं : 'या विषयावर सविस्तर चर्चा होऊन संमतिपत्र देण्यात आले.' दुसरं एक अक्षरही लिहिलं नाही. मावशींना वाचवायला एवढं पुरेल असं मला वाटलं. लेखनिकाला असं वाटतं की जे वहीत नाही ते झालंच नाही.

*

आयला बावीस तारखेला गेली. नानासाहेबांनी ताकीद दिली होती, कोणीही पोचवायला जायचं नाही. म्हणून त्या सकाळी सगळं गाव आपापल्या दाराआड उभं राहून फटीतून बघत होतं, आणि मधून ती पिशवी खांद्याला लावून, एकटी, स्टँडवर गेली. ट्रंक शाळेतच राहिली. लोणच्याची बरणी आम्ही मार्चपर्यंत संपवली.

तिची कार्डं मावशींच्या नावानं येत. मी वाचून दाखवी. काशीहून : 'थंडी आहे. दाराजवळ बसले.' कलकत्त्याहून : 'आज मला सात जणांनी विचारलं मी कोण. प्रत्येकाला खरं सांगितलं.' पुरीहून आलेल्या कार्डावर समुद्राचं चित्र होतं. मावशींनी ते बराच वेळ उलटसुलट पाहिलं.

"एवढं सगळं पाणी?"

"हो."

"इथून किती गाड्या बदलाव्या लागतात?"

"दोन. फार तर तीन."

दरम्यान गावात सगळ्यांना सगळं कळलं होतं. आमच्याकडे इतिवृत्त कोणी वाचत नाही, ऐकतात. कोणी मावशींना एक शब्द बोललं नाही. नळावर बायका त्यांना आधीपेक्षा लवकर जागा देऊ लागल्या. फेब्रुवारीत एक बाप आला आणि मुलीला घेऊन गेला, घरी आजारपण आहे म्हणाला. मग दुसरा आला. त्याच्याही घरी आजारपणच होतं.

नानासाहेबांनी मला कारखान्यावर बोलावून घेतलं. दार लोटून म्हणाले, "धामणे, घटनेत विधवा चालते ना?"

"चालते."

"मग गणपतला मारून टाका."

ते अगदी कळवळून सांगत होते. मी निरोप घेऊन मावशींकडे गेलो. त्या शेवया सुकत घालत होत्या.

"मेला तर मेला," त्या म्हणाल्या. "तुमचाच होता. पण मग ही पोत काढावी लागेल?"

"लोकांसाठी. हो."

"ही कोणी दिलेली नाही धामणेभाऊ. मी घेतली आहे. मी कशाला काढू?"

मी तो निरोप परत नेला. पुढच्या सभेत हा विषय निघाला नाही. त्याच्या पुढच्याही सभेत निघाला नाही. जा असं त्यांना कोणी म्हटलं नाही. राहा असंही कोणी म्हटलं नाही. मीही त्या दोन्ही सभांना हजर होतो, आणि दोन्हींचं इतिवृत्त माझ्या अक्षरात आहे.

वार्षिक परीक्षा झाल्या, मुली घरी गेल्या, वसतिगृहाला कुलूप लागलं. त्या संध्याकाळी मावशी कचेरीत आल्या. एकोणीस वर्षांत माझ्यासमोरच्या खुर्चीवर त्या प्रथमच बसल्या.

"एक दाखला पाहिजे," त्या म्हणाल्या. "काम केल्याचा. तिकडं कुठं काम मागितलं तर दाखवायला."

"तिकडं म्हणजे?"

"आधी समुद्र बघते. मग बघते."

मी कोरा कागद घेतला, टाक बुडवला आणि पहिल्याच शब्दाला अडलो. सौभाग्यवती, श्रीमती की कुमारी? आमच्याकडे बाईच्या नावाआधी यातलं काही तरी लागतंच, त्याशिवाय नाव सुरूच होत नाही. मावशी माझा हात थांबलेला बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कुठं अडलंय ते त्यांना कळलं असावं.

मी काहीच लावलं नाही. नाव लिहिलं, खाली दोन ओळी लिहिल्या. नानासाहेबांनी न वाचता सही केली. किंवा वाचूनही केली असेल, मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भुसावळ गाडीला त्या निघाल्या. मी त्यांची पत्र्याची पेटी घेऊन स्टँडवर गेलो. तिथं इतर कोणी नव्हतं. या वेळी तशी कोणी ताकीद दिलेली नव्हती.

"वाचा," त्यांनी दाखला पुढे केला. "कोणी विचारलं तर काय लिहिलंय ते मला माहीत पाहिजे."

मी वाचलं. "शेवंता बोरकर यांनी या शाळेत एकोणीस वर्षे साठ मुली एकटीने सांभाळल्या. त्यांच्याविषयी कोणाची कसलीही तक्रार नाही."

"पहिलं परत वाचा."

मी परत वाचलं.

त्यांनी कागदाची चौकोनी घडी केली आणि बटव्यात ठेवली. गाडी आली. मी पेटी उचलून दाराशी नेली, कंडक्टर वरून हात पुढे करत होता.

"राहू द्या भाऊ," मावशी म्हणाल्या. "मी चढवते."

मी पेटी खाली ठेवली.